'एक्स्ट्रा रूम' नकाशात दाखवा

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातल्या मालमत्तेच्या छोट्या जाहिराती वाचल्या की एक शब्द हमखास सापडतो: 'एक्स्ट्रा रूम'. 'टू बीएचके प्लस एक्स्ट्रा रूम', 'पोर्च कव्हर करून ऑफिस काढलेले', 'टेरेसवर रूम व अटॅच्ड बाथ'. जाहिरात दक्षिणेला मानेवाड्याची असो की उत्तरेला जरीपटक्याची, भाषा तीच. ही जादाची खोली बहुतेक वेळा मंजूर नकाशात नसते. मूळ नकाशात तिथे गाडीची जागा, गॅलरी, गच्ची किंवा कंपाउंडपर्यंतची मोकळी सोडलेली जागा असते. भाव मात्र तिचाही बाकीच्या घराच्याच दराने लागतो. या व्यवहारांत खरेदीदार कुठे फसतो आणि बयाणा देण्याआधी त्याने काय तपासावे, याबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत जास्त फसवणारे वाक्य आधी घेतो. "अहो, टॅक्सला लागलेली आहे ना रूम!" दलाल महापालिकेची टॅक्स पावती पुढे करतो आणि गिऱ्हाईक निश्चिंत होते. मालमत्ता कर आकारणी प्रत्यक्ष जागेवर काय उभे आहे ते बघून होते, मंजुरी बघून होत नाही. उलट, बेकायदा बांधकामावर महापालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ प्रमाणे दरवर्षी कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावता येते आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हे त्याच कलमात लिहिले आहे. विजेचे बिल, नळाचे बिल, आधार कार्डावरचा पत्ता यांचेही तेच. तिथे कुणी राहते एवढेच या कागदांनी सिद्ध होते.

नागपुरात आणखी एक गोंधळ आहे, तो पुण्या-मुंबईच्या खरेदीदाराला चटकन कळतही नाही. तो म्हणजे 'आरएल'. '५७२' आणि '१९००' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत ले-आउटमधल्या प्लॉटला नागपूर सुधार प्रन्यासकडून नियमितीकरणाचे पत्र मिळते, त्यालाच सगळे आरएल म्हणतात. विक्रेता सांगतो, "आरएल आहे, डिमांड भरलेली आहे, सगळे क्लीअर आहे." आरएल आहे म्हणजे प्लॉट नियमित झाला. त्यावर बांधलेल्या घराचा नकाशा पास आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही. आणि घराचा नकाशा पास असला तरी नंतर चढवलेली खोली त्यात आहे की नाही, हा तिसराच प्रश्न. प्लॉट, घर आणि खोली यांचे कागद वेगवेगळे मागावे लागतात. मंजुरी महापालिकेची, प्रन्यासची की शहराबाहेर असेल तर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, हेही आधीच विचारून घ्यावे. कारण नक्कल त्याच कार्यालयातून मिळणार.

विक्रेत्याकडे नकाशाची धूसर झेरॉक्स असते. ती घ्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. मंजुरीचा शिक्का, परवानगी क्रमांक आणि तारीख वाचता येते का ते बघावे आणि त्या क्रमांकावरून संबंधित कार्यालयातून प्रमाणित प्रत काढावी. मालक स्वतः अर्ज करत असेल तर सोपे. तो टाळाटाळ करत असेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागता येते, ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. घर विकायला काढलेल्या माणसाला ३० दिवस थांबवणे अवघड असते हे खरे. पण "थांबायला वेळ नाही, दुसरी पार्टी तयार आहे" असे ऐकू आले तर तेही एक उत्तरच समजावे. नकाशासोबत भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्यावर वापराला मिळालेली परवानगी, मागावे. जुन्या स्वतंत्र घरांना ते पुष्कळदा घेतलेलेच नसते. त्या परिस्थितीत नकाशा हाच एक आधार उरतो.

नकाशा हातात आला की मोजपट्टी घेऊन घरात जावे. इथे मात्र घाई करू नये, कारण कागदापेक्षा घरच जास्त बोलते. घरातल्या घरात उघडणारी ग्रिलची खिडकी दिसली की समजावे, ती भिंत एकेकाळी बाहेरची होती. बैठकीतून शेजारच्या खोलीत जाताना जड सागवानी चौकट, बाहेरच्या बाजूने कडी-कोयंडा आणि वर आडवा सज्जा दिसतो, तोही घराच्या आत. सज्जा पावसासाठी असतो, दोन खोल्यांच्या मध्ये त्याचे काय काम? जमिनीवर तांब्याभर पाणी ओतून बघा. गॅलरीला बाहेरच्या बाजूला उतार दिलेला असतो. वर नवी टाइल्स चिकटवली तरी उतार पुष्कळदा तसाच राहतो आणि पाणी बाहेरच्या भिंतीच्या कडेला जाऊन थांबते. जुन्या पाण्याच्या पाइपाचे बुजवलेले भोकही तिथेच सापडते.

बाथरूम नंतर केलेले असेल तर उंबऱ्याजवळ २० ते २५ सेंटीमीटरची पायरी चढावी लागते. कारण साधे आहे. नकाशातल्या बाथरूमचा स्लॅब मुळातच खाली टाकलेला असतो, त्या खड्ड्यात ट्रॅप आणि पाइप बसतात. सपाट स्लॅबवर बाथरूम काढले की पाइपांना जागा आणि उतार देण्यासाठी फरशीच उचलावी लागते. उचललेल्या भागात विटांचे तुकडे आणि मलबा भरतात, तो पाणी धरून ठेवतो. खालच्या खोलीच्या छताला पिवळसर डाग दिसतात ते याचे. विक्रेत्याने नुकताच रंग दिला असेल, आणि तोही फक्त त्याच एका छताला, तर कारण विचारायला हरकत नाही.

आता उंची. गाडी ठेवण्याच्या जागेला २.४ मीटर उंची चालते. राहण्याच्या खोलीला जमिनीपासून छतापर्यंत किमान २.७५ मीटर लागते. ही ३५ सेंटीमीटरची तफावत फार महत्त्वाची आहे. पोर्चच्या किंवा पार्किंगच्या जागी केलेली खोली मोजली आणि २.४ किंवा २.५ मीटर भरली, तर ती खोली म्हणून पुढेही मंजूर होणे कठीण, मग कितीही शुल्क भरायची तयारी असो. छत उचलता येत नाही आणि जमीन खोदली तर पाणी आत येते. पाण्याचे कारणही मोजपट्टीनेच कळते. घराचे जोते आजूबाजूच्या जमिनीपासून साधारण ४५ सेंटीमीटर उंच असते, गॅरेजचे १५. म्हणून बैठकीतून दोन पायऱ्या उतरून 'एक्स्ट्रा रूम'मध्ये जावे लागत असेल तर ते गॅरेज आहे, मग आत कितीही सुंदर फॉल्स सीलिंग असो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले, तेव्हा जमिनीलगतच्या खोल्यांची काय गत झाली हे या शहराने पाहिले आहे. पार्किंगमध्ये पाणी आले तर चिखल धुऊन काढता येतो. त्याच जागेत पलंग, कपाट आणि खाली बसवलेले स्विचबोर्ड असतील तर गोष्ट वेगळी होते.

भिंतींच्या भेगांकडे वळू. पूर्व आणि दक्षिण नागपुरात बऱ्याच भागात काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. मुख्य घराचा पाया मुरमापर्यंत नेलेला असतो, पण पोर्चच्या खांबांचा किंवा मागाहून बांधलेल्या भिंतीचा पाया उथळ असतो. दोन्ही भाग वेगवेगळ्या चालीने वर-खाली होतात आणि सांध्यावर वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत फट पडते. जुन्या भिंतीत नवीन विटा अडकवून सांधा बांधलेला नसतो, नुसती भिंतीला भिंत टेकवलेली असते, म्हणून ही फट इतकी सरळ दिसते. पुट्टी भरली की ती झाकते, पुढच्या एप्रिल-मेमध्ये पुन्हा उघडते. खोली शक्यतो उन्हाळ्याच्या शेवटी बघावी आणि एक चक्कर जोराचा पाऊस झाल्यावर टाकावी. केस जाईल इतकी फट पुष्कळ घरांत असते, तिचे काही वाटून घेऊ नये. नाणे आत जाईल इतकी असेल, किंवा वर रुंद आणि खाली बारीक असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गॅलरी बंद करून केलेल्या खोलीबाबत लोक बिनधास्त असतात. "गॅलरीच तर आहे, जरा भिंत घातली." ही 'जरा भिंत' मोजून बघा. साडेचार इंची विटेची भिंत १० फूट उंच घेतली तर गिलाव्यासह तिचे वजन दर मीटरला ७०० किलोच्या आसपास जाते. १० फूट लांबीच्या गॅलरीला फक्त समोरची भिंत म्हणून दोन टनांहून जास्त. मूळ नकाशात त्या जागी लोखंडी रेलिंग असते, किंवा कंबरेएवढी भिंत. आणि ही गॅलरी पुढे काढलेली असते, तिला खालून खांब नाही. म्हणजे सगळे नवीन वजन नेमके टोकावर आले. गॅलरीतली मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या अंगाला असते, त्यामुळे जास्त ताण आला तर पहिली भेग वरून पडते, आतल्या भिंतीला समांतर, आणि ती टाइल्सखाली लपलेली असते. खालून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. खिडकीच्या काचा आणि ॲल्युमिनियमचे सेक्शन लावून बंद केलेली गॅलरी त्या मानाने हलकी. तीही नकाशाच्या विरुद्ध असू शकते, पण निदान डोक्यावर पडण्याची भीती कमी.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीबद्दल थोडक्यात. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात ती राहण्याजोगी करायची तर खाली दोन कूलर लागतात आणि तरी दुपारी तिथे कुणी थांबत नाही. वादळी वाऱ्यासाठी अभियांत्रिकी मानकात नागपूरचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे. पत्रे भिंतीत चिणलेल्या पाइपांना नीट बांधलेले नसतील आणि वर नुसत्या विटा ठेवल्या असतील तर मे महिन्यात ते शेजाऱ्याच्या अंगणात जातात. घराजवळून उच्चदाब वाहिनी जात असेल तर गच्चीवरच्या खोलीचे अंतर मोजलेच पाहिजे. ११ केव्हीपर्यंतच्या तारेपासून आडवे किमान १.२ मीटर आणि ३३ केव्हीपर्यंत २ मीटर. हा प्रश्न याच शहरात २०१७ साली मुलांच्या जिवावर बेतला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. मूळ घर नियमात असते, वाढवलेली खोली तारेला जाऊन भिडते.

वायरिंगचे एकच सांगतो. नवीन खोलीची वीज जुन्या खोलीच्या स्विचबोर्डातून केसिंग-पट्टीने ओढलेली असते. दिव्या-पंख्यासाठीच्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर एसी लावलेला आढळतो आणि अर्थिंगची तिसरी वायर बहुधा नसतेच. एमसीबी बोर्डावर त्या खोलीसाठी वेगळा स्विच आहे का, एवढे बघितले तरी बांधणाऱ्याने काम किती मनावर घेतले होते ते कळते.

फ्लॅटच्या बाबतीत मामला निराळा आहे. नागपुरात बरेच फ्लॅट अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन करून, जमिनीच्या अविभाजित हिश्श्यासह विकले जातात. तिथे शिल्लक एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या प्रमाणात अजून जेवढे बांधता येते ते, कुणा एकाचा नसतो. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये भिंती घालून काढलेली 'गेस्ट रूम' फ्लॅटसोबत विकायला काढली जाते, तेव्हा विक्रेता इतरांच्या मालकीची जागा विकत असतो. स्टिल्टमधले, म्हणजे इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेतले, पार्किंग ही सामाईक जागा आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगितले आहे. अशा खोलीचे पैसे देऊ नयेत, एक रुपयासुद्धा. वरच्या मजल्यावर गच्चीचा तुकडा घेऊन बांधलेल्या खोलीचेही तेच. नियमितीकरणाची फाइल करायची ठरवली तरी बाकीच्या अपार्टमेंटधारकांची संमती लागते, आणि ज्या शेजाऱ्याची टाकी दुरुस्त करायची वाट त्या खोलीने अडवली आहे तो सही कशाला देईल?

"नियमित होऊन जाईल" हे दुसरे आवडते वाक्य. होऊ शकते, नाही असे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस आली तरी कलम ४४ प्रमाणे बांधकाम राखण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो. मात्र आजच्या नियमात जे बसते तेवढेच राखले जाते. म्हणून वास्तुविशारदाला विचारायचा प्रश्न "होईल का?" असा ठेवू नये. प्रश्न असे विचारावेत: प्लॉटवर शिल्लक एफएसआय किती? खोली समासात, म्हणजे सोडायच्या मोकळ्या जागेत, घुसली आहे का? उंची आणि रुंदी बसते का? पार्किंग गेले तर ते दुसरीकडे दाखवता येते का? डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ एफएसआय १.१ आहे, म्हणजे १५०० चौरस फुटांच्या प्लॉटवर १६५० चौरस फूट. प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून त्यावर निवासी इमारतीला अनुषंगिक (जोडीचे जादा) क्षेत्र ६० टक्क्यांपर्यंत मिळू शकते. ऐकायला भरपूर वाटते. पण जुना नकाशा जुन्या नियमांनी मोजलेला असतो, त्यात गॅलरी, जिना वगैरे बरेच काही हिशेबाबाहेर ठेवलेले असे. नवीन नियमावलीत बांधकामाच्या बाह्यरेषेच्या आतले जवळपास सगळेच धरले जाते. त्यामुळे जुन्या नकाशावरून वजाबाकी करून "४०० फूट शिल्लक आहे" असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, नव्या नियमाने पूर्ण इमारत पुन्हा मोजून घ्यावी.

समासात बांधलेली खोली तर जवळपास निकालातच निघालेली समजा. कंपाउंडच्या भिंतीवरच स्लॅब टेकवला आहे, शेजाऱ्याकडे खिडकी काढली आहे आणि खालून घराच्या सांडपाण्याचे चेंबर गेले आहे, असा नमुना या शहरात गल्लीगल्लीत सापडेल. चेंबर कुठे आहे ते विचारावे. विक्रेता पलंग सरकवायला लागला तर उत्तर मिळाले.

शासनाच्या योजनांचा आधारही दिला जातो. गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीविना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करण्याचा, कायदा २००१ चा, तो आधी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या प्रकरणांना होता, नंतरच्या दुरुस्तीने तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या काही बांधकामांसाठी २०१७ मध्ये आणखी एक तरतूद झाली. यावरून लोकांनी धडा घेतला की थांबले की तारीख पुढे येते. येईलही. पण पुढच्या योजनेच्या भरवशावर आज पूर्ण भाव देणे म्हणजे पाऊस पडेल म्हणून आधीच बी उधार घेण्यासारखे आहे, आणि विदर्भात तरी कुणाला हे समजावून सांगायला नको. दुसरीकडे, १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की बांधकाम जुने झाले, प्रशासन इतकी वर्षे गप्प बसले किंवा त्यात पैसा गुंतला, म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर ठरत नाही. भोगवटा प्रमाणपत्र तपासूनच बँकांनी कर्ज द्यावे, हेही त्याच निकालात आहे. त्याआधी नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली, रस्ता, पदपथ, नदी-नाल्यावरची अतिक्रमणे वगळता. म्हणजे तुम्हाला वेळ मिळेल, खोली वाचेलच असे नाही. शिवाय नोटीस ज्याने खोली बांधली त्याला शोधत पुण्याला जात नाही. आज मालक कोण, ताब्यात कोण, त्याच्या नावाने निघते.

आता पैशाचा हिशेब, कारण बहुतेक व्यवहार इथेच अडकतात. समजा घर १००० चौरस फूट म्हणून दाखवले, दर ६५०० रुपये, एकूण ६५ लाख. त्यातली १२० फुटांची खोली नकाशात नाही. बँकेचा मूल्यांकनकार मंजूर ८८० फूटच धरेल, म्हणजे ५७ लाख २० हजार. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेप्रमाणे किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. ६५ लाखांवर ५२ लाख मिळतील असे धरून तुम्ही १३ लाखांची सोय केली, आणि हातात येणार ४५ लाख ७६ हजार. सव्वासहा लाखांचा खड्डा. तो कळतो तेव्हा बयाणा दिलेला असतो आणि इसारपत्रात 'ठरल्या मुदतीत रजिस्ट्री न केल्यास बयाणा जप्त' असे लिहिलेले असते. विक्रेत्याने फसवले असेही म्हणता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये विक्रेत्याने दोष उघड करायचे बंधन आहे, पण ते खरेदीदाराला साधारण काळजी घेऊन कळले नसते अशा दोषांपुरते. डोळ्यांसमोर उभी असलेली खोली नकाशाशी ताडून बघितली नाही, तर न्यायालयात खरेदीदाराचीच बाजू लंगडी पडते.

म्हणून इसारपत्रातच चार ओळी घालाव्यात. मंजूर नकाशाचा क्रमांक आणि मंजूर क्षेत्रफळ. नकाशाबाहेरचे बांधकाम कोणते, ते मोजमापासह. त्याबद्दल आजवर नोटीस आलेली नाही, कोणताही दावा किंवा स्थगिती नाही, असे विक्रेत्याचे निवेदन. आणि बँकेने या कारणावरून कर्ज नाकारले किंवा कमी केले तर बयाणा इतक्या दिवसांत पूर्ण परत. चौथी ओळ ऐकून दलाल हसेल, हसू द्यावे. झोन कार्यालयात जाऊन मालमत्तेवर अतिक्रमण विभागाची जुनी नोटीस आहे का, तेही विचारून यावे. दहा झोनपैकी आपला कोणता, ते टॅक्स पावतीवर असते. सिटी सर्व्हेतून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढावी आणि जुनी विक्रीपत्रे बघताना बांधकामाचे वर्णन प्रत्येक वेळी कसे बदलत गेले ते वाचावे. १९९८ च्या रजिस्ट्रीत 'पोर्च' आणि २०११ च्या रजिस्ट्रीत 'खोली' असेल तर खोली केव्हा झाली हे वेगळे शोधायला नको.

खोली हवीच असेल तर तीन वाटा आहेत. विक्रेत्याने रजिस्ट्रीआधी स्वतःच्या खर्चाने नियमित करून द्यावी आणि सुधारित नकाशा हातात ठेवावा. ही सर्वांत चांगली वाट आणि सर्वांत कमी घडणारी, कारण मोजणी, आहे तसा नकाशा, स्थैर्य प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, छाननी शुल्क, प्रीमियम, यात महिने जातात. दुसरी, विक्रेत्याने ती पाडून जागा पूर्ववत करून द्यावी. १० बाय १२ फुटांच्या खोलीच्या तीन साडेचार इंची भिंती आणि पाच इंची स्लॅब यांचा मलबा मोकळा होऊन सात-आठ घनमीटर भरतो, दोन-तीन ट्रॉल्या. काम दोन-चार दिवसांचे. पण जुन्या पोर्चला फक्त भिंती घातल्या असतील तरच हे सोपे, स्लॅबच वाढवला असेल तर तोडताना मूळ स्लॅबच्या सळयांना धक्का लागू नये म्हणून इंजिनिअर उभा ठेवावा. तिसरी वाट बहुतेक जण घेतात: आहे तसे घेणे. घ्यावे, पण त्या खोलीची किंमत शून्य धरून, त्यातून पाडकामाचा आणि फरशी-गिलावा पूर्ववत करण्याचा खर्च वजा करून. वरच्या उदाहरणात भाव ६५ लाखांवरून निदान ५७ लाखांवर येतो. आणि विक्रीपत्रात त्या खोलीचे वर्णन 'मंजूर बांधकाम' असे करू देऊ नये. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, नकाशा तपासत नाही. खोटे वर्णन पुढे तुमच्याच गळ्यात येते, कारण उद्या विकणारे तुम्ही असाल.

सगळेच बदल गुन्हा नसतात, हेही लिहायला हवे. मोठ्या हॉलमध्ये प्लायवूडची हलकी पार्टिशन घालून अभ्यासाची खोली केली, फरशी बदलली, खिडकी दुरुस्त केली, याला नियोजन कायद्याखाली परवानगी लागत नाही, बाह्य स्वरूप बदलत नसेल आणि खांब-तुळईला हात लावला नसेल तर. अशा खोलीसाठी घर सोडून देऊ नये. फक्त दोन खोल्यांची एक बैठक करताना मधली भिंत काढली असेल तर ती नऊ इंची भार घेणारी होती का, एवढे बघावे. जुन्या घरांत खांबांचा सांगाडा नसतो, भिंतीच स्लॅब पेलतात.

आपल्याकडे एक विनंती. जाहिरातीच्या फॉर्ममध्ये भाव आणि मोबाइल क्रमांकाशेजारी आणखी दोन रकाने ठेवता येतील: मंजूर नकाशा क्रमांक आणि मंजूर क्षेत्रफळ. भरणे सक्तीचे नसले तरी चालेल. कुणी ते रिकामे ठेवले तर वाचणाऱ्याला तेवढे पुरते.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
नागपूर